काला छपरा : न आलेल्या जहाजाची गोष्ट



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतल्या बचत गटांच्या आम्ही बाया महिन्यातून एकदा एकत्र बसतो. आधी हिशेब होतात, कर्जाचे हप्ते वहीत चढतात आणि मग चहाबरोबर गप्पा. अशाच एका बैठकीला कॅम्प चारमधल्या आमच्या एका ताई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. सगळे त्यांना अम्मा म्हणतात. वय नव्वदीला टेकलेलं, जन्म कराचीचा. फाळणीनंतर बोटीने मुंबईला आल्या आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकीत. महायुद्धातल्या त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल.

अम्मा त्या दिवशी कराचीच्या आठवणी सांगत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे विमानतळावर एक छप्पर होतं. एवढं मोठं की आमची सगळी गल्ली त्यात मावली असती. काळंभोर. लोक त्याला काला छपरा म्हणायचे." आम्ही विचारलं, "त्यात काय ठेवायचे?" अम्मा म्हणाल्या, "ज्याच्यासाठी बांधलं ते कधी आलंच नाही. कुठलं तरी उडतं जहाज यायचं होतं म्हणे."

हे उडतं जहाज कुठलं, ते का आलं नाही, हा प्रश्न आम्ही सोडला नाही. वाचनालयात गेलो, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो. गोष्ट कराचीची आहे, पण ती आपलीही आहे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतली जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. आणि या गोष्टीत नाशिकला जन्मलेला एक माणूसही आहे.

पण इतिहासाकडे जाण्याआधी चिवड्याची एक गोष्ट सांगावी लागेल, कारण तिच्यावाचून पुढचं समजणार नाही.

एका दिवाळीत आम्हाला महाबळेश्वरच्या एका दुकानाची चिवड्याची ऑर्डर मिळाली होती. पाकिटं छान टम्म फुगवून सील केली, टेम्पोत भरली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला की निम्मी पाकिटं सुटलीत, चिवडा खोक्यात सांडलाय. आम्हाला वाटलं टेम्पोवाल्याने आपटली असतील. नंतर विज्ञानाच्या बाईंनी समजावलं. आपण जमिनीवर वावरतो तेव्हा आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर असतो, त्याचा दाब आपल्यावर असतो. जसजसं वर जावं तसतसा वरचा थर कमी होतो, दाब उतरतो. साधारण एक हजार मीटर चढलं की दाब दहाव्या हिश्श्याने कमी होतो. महाबळेश्वर तर तेराशे मीटरच्याही वर. बाहेरचा दाब उतरला की पाकिटातली हवा फुगायला बघते. सील पक्कं असेल तर पाकीट नुसतं ताठ होतं. सील कच्चं असेल तर तिथूनच सुटतं.

आमचं सील कच्चं होतं. ते का कच्चं राहिलं, ते शेवटी सांगतो. आता जहाजाकडे वळू.

एअरशिप म्हणजे भल्यामोठ्या लांबट फुग्याला इंजिन आणि सुकाणू लावून केलेलं जहाज. मराठीत तिला वायुनौका म्हणतात. फुग्यात हवेपेक्षा हलका वायू भरायचा, पूर्वी हायड्रोजन, आता हेलियम. गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या जागेतल्या हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. तेवढ्याच जागेत हेलियम भरला तर तो सुमारे एक किलो वजन उचलू शकतो. एका माणसाला उचलायला अशा साठ-सत्तर टाक्यांएवढा वायू लागतो. म्हणून हे फुगे एवढे प्रचंड.

आता अडचण तीच, चिवड्याच्या पाकिटाची. फुगा वर गेला की आतला वायू फुगतो. फुगा आधीच गच्च भरलेला असेल तर एक तर तो फाटेल, नाही तर वायू बाहेर सोडावा लागेल. वायू सोडला आणि खाली आलो की उरलेला वायू आकसतो, फुगा सैल पडतो. गोल फुगा सैल पडला तर फारसं बिघडत नाही. पण लांबट फुगा सैल पडला की कमी भरलेल्या उशीसारखा मध्येच वाकतो. मग सुकाणू कसलं आणि दिशा कसली?

यावर उपाय सुचवला तो झां-बातीस्त म्यूनिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याने. साल १७८३-८४. माणूस फुग्यात बसून पहिल्यांदा आकाशात गेला त्यालाही तेव्हा वर्ष झालेलं नव्हतं. त्याची कल्पना साधी होती. मोठ्या फुग्याच्या पोटात आणखी एक छोटी पिशवी ठेवायची आणि तिच्यात साधी हवा भरायची. वर जाताना वायू फुगेल तेव्हा पिशवीतली हवा बाहेर सोडायची, म्हणजे वायूला जागा मिळेल. खाली येताना वायू आकसेल तेव्हा पंप मारून पिशवीत पुन्हा हवा भरायची, म्हणजे रिकामी झालेली जागा भरून निघेल. मौल्यवान वायू आतच राहतो, ये-जा करते ती फुकटची हवा. या आतल्या पिशवीला बॅलोनेट म्हणतात.

आम्हाला आधी वाटलं होतं की ही पिशवी जहाजाला वर नेते आणि खाली आणते. तसं नाही. उचलायचं काम हलका वायू करतो. पिशवीतली हवा बाहेरच्या हवेएवढीच जड, ती उचलत नाही आणि बुडवतही नाही. ती फक्त जागा धरून ठेवते आणि जहाजाचं अंग ताठ राखते. त्यासाठी लागणारा जास्तीचा दाबही अगदी थोडा असतो, भांड्यात दोन बोटं पाणी घेतलं तर त्याचा तळाला जेवढा दाब पडेल तेवढा. मात्र पुढे एक आणि मागे एक अशा दोन पिशव्या असल्या तर आणखी एक सोय होते. पुढच्या पिशवीत जास्त हवा भरली की पुढचं टोक जड होऊन खाली झुकतं, मागच्या पिशवीत भरली की नाक वर होतं. डोक्यावरची घागर सांभाळताना आपण मान जरा इकडे, जरा तिकडे करतो, तसंच.

आणि याला हद्द आहे. पिशवी पूर्ण रिकामी झाली की वायूला फुगायला जागा उरत नाही. त्याच्या वर जायचं तर वायू सोडावाच लागतो. म्हणून किती उंच जायचं हे निघण्यापूर्वीच ठरवावं लागतं.

कल्पना सोपी, पण ती वठवायला शंभर वर्षं लागली. जुलै १७८४ मध्ये पॅरिसजवळ रॉबेर बंधूंनी अशी आतली पिशवी असलेला लांबट फुगा उडवला. बरोबर एक सरदार, शार्त्रचा ड्यूक होता. वर गेल्यावर झालं असं की आतली पिशवी सरकून वायू सोडायच्या तोंडावरच बसली. कुकरची शिट्टी अडकावी तशी गत. फुगा वर वर चढत होता, कापड ताणत होतं. शेवटी ड्यूकने स्वतः कापडाला भोक पाडलं तेव्हा सगळे खाली आले, जिवंत.

पुढे सप्टेंबर १८९८ मध्ये साँतोस-द्यूमाँ हा ब्राझीलमधल्या कॉफीच्या मळेवाल्याचा मुलगा पॅरिसवर आपली पहिली एअरशिप घेऊन फिरला. वर सगळं ठीक होतं. उतरताना वायू आकसला आणि त्याचा हवा भरायचा पंप कमी पडला. जहाज मधोमध दुमडलं आणि वेगाने खाली येऊ लागलं. मैदानात काही मुलं पतंग उडवत होती. त्याने वरून ओरडून सांगितलं की लोंबणारा दोर पकडा आणि वाऱ्याच्या विरुद्ध पळा. पतंग वर न्यायला आपण जसं पळतो, तसंच. मुलांना ते लगेच कळलं. ती पळाली आणि जहाज हळू उतरलं. १९०१ मध्ये याच माणसाने आयफेल टॉवरला वळसा घालून मोठं बक्षीस जिंकलं आणि ते पॅरिसच्या गरिबांत आणि आपल्या कामगारांत वाटून टाकलं.

आता अम्मांच्या काळ्या छपराकडे येऊ.

पहिल्या महायुद्धानंतर बोटीने विलायतेहून मुंबईला यायला दोन-तीन आठवडे लागत. इंग्रज सरकारने १९२४ साली ठरवलं की साम्राज्याची टोकं एअरशिपने जोडायची. दोन जहाजं बांधायची. आर-१०० एका खासगी कंपनीने आणि आर-१०१ सरकारी कारखान्याने, इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनला. आर-१०० ने कॅनडाला जायचं, आर-१०१ ने इजिप्तमधल्या इस्माइलियाला थांबून हिंदुस्थानला. हिंदुस्थानचं स्थानक म्हणून कराची नेमली गेली. तिथे जहाज बांधून ठेवायचा उंच मनोरा उभा राहिला आणि ते प्रचंड छप्परही.

ही जहाजं नुसत्या फुग्याची नव्हती. धातूचा सांगाडा, त्यावर कापडाचं आवरण आणि आत वायूच्या वेगवेगळ्या मोठमोठ्या पिशव्या, अशी त्यांची रचना. आकार सांगाड्यामुळे टिकायचा, म्हणून हवेची बॅलोनेट पिशवी इथे नव्हती. इथे उलट होतं. हवा पिशव्यांच्या भोवती आणि वायू पिशव्यांत. जमिनीवर पिशव्या पूर्ण भरायच्या नाहीत, म्हणजे वर फुगायला जागा राहते. आणि पिशव्या वेगवेगळ्या, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्यांनी जहाज सावरावं.

या पिशव्या कशाच्या होत्या ते ऐकून आम्ही चकित झालो. सुती कापडाला आतून गुरांच्या आतड्याची पातळ त्वचा चिकटवलेली. एकेका जहाजाला लाखो तुकडे. ते धुऊन, खरवडून, ओले असतानाच एकावर एक चिकटवण्याचं काम कार्डिंग्टनला बायकाच करत. उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईवर बसणाऱ्या आपल्या मैत्रिणींना सांगायला नको की असल्या कामात एक जागा सुटली तर काय होतं.

आर-१०१ तयार झालं तेव्हा ते ठरल्यापेक्षा जड निघालं. त्याची इंजिनं डिझेलची होती. उष्ण देशांत पेट्रोल पेट घेईल या भीतीने ती बसवली, पण ती फार वजनदार होती. मग वजन कमी करायची धडपड सुरू झाली. पिशव्या बांधणाऱ्या तारा सैल केल्या, म्हणजे पिशव्या अधिक फुगतील आणि अधिक उचलतील. पण सैल पिशव्या सांगाड्याला घासू लागल्या. त्यांना भोकं पडू लागली. त्यावर उपाय म्हणून सांगाड्यावर जिथे तिथे कापडी गाद्या बांधल्या, हजारोंनी. तेही पुरेना तेव्हा जहाज मधोमध कापून, झंपर घट्ट झाला की आपण पट्टी जोडतो तसा, एक नवा भाग आणि नवी पिशवी जोडली. जहाज ७७७ फूट लांब झालं. म्हणजे जवळजवळ आपल्या बारा डब्यांच्या लोकलएवढं.

कार्डिंग्टनला मॅकवेड नावाचे सरकारी तपासनीस होते. जुलै १९३० मध्ये त्यांनी लेखी कळवलं की गाद्या बांधणं हा खरा उपाय नव्हे, पिशव्या घासतच राहणार, आणि अशा स्थितीत उड्डाणाच्या परवान्याची शिफारस आपण करू शकत नाही. ते पत्र जिथे पोचायला हवं होतं तिथे पोचलं नाही. मधल्या पायरीवरच त्याचं समाधान केलं गेलं.

घाई होती ती वरून. हवाई खात्याचे मंत्री होते लॉर्ड थॉमसन. हेच ते नाशिकला जन्मलेले. ते हिंदुस्थानचे पुढचे व्हाइसरॉय होतील अशीही चर्चा होती. लंडनला साम्राज्य परिषद भरली होती, आणि ती संपण्याआधी त्यांना आकाशमार्गे कराचीला जाऊन परत यायचं होतं. इकडे तेव्हा काय चाललं होतं? मिठाचा सत्याग्रह पेटलेला, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात, आणि २५ सप्टेंबर १९३० ला आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झालेला. अशा देशात त्यांना साम्राज्याची शान दाखवायला यायचं होतं.

नवा भाग जोडल्यावर जहाजाची एकच चाचणी झाली, १ ऑक्टोबरला. हवा शांत होती आणि इंजिनात बिघाड झाल्याने पूर्ण वेगाने जहाज चालवून बघितलंच नाही. परवाना अगदी निघायच्या तोंडावर हातात पडला. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ५४ माणसांना घेऊन जहाज निघालं. मंत्र्यांच्या सामानात एक जड गालिचाही होता. ज्या जहाजाचं किलो किलो वजन कमी करायला माणसं झटली होती, त्याच जहाजात.

रात्री फ्रान्सवर वादळी पाऊस होता. पहाटे दोनच्या सुमारास बोव्हे गावाजवळ जहाजाचं नाक दोनदा खाली गेलं आणि ते टेकडीला टेकलं. टेकण्याचा वेग फार नव्हता. पण पोटात हायड्रोजन होता. क्षणात सगळं पेटलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. लॉर्ड थॉमसनही गेले.

चौकशी नेमली गेली. तिचे अध्यक्ष कोण, तर सर जॉन सायमन. ज्यांना दोनच वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी "सायमन परत जा" म्हणून काळे झेंडे दाखवले होते, तेच. त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की पुढच्या भागातल्या पिशव्यांमधून अचानक वायू गेला. बहुधा नाकाजवळचं वरचं आवरण फाटलं आणि उघड्या पडलेल्या पिशव्या वाऱ्यापावसात सापडल्या. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. धोरणाचं कारण पुढे नसतं, तर जहाज त्या संध्याकाळी हिंदुस्थानला निघालंच नसतं.

कॅनडाला जाऊन सुखरूप परत आलेलं आर-१००सुद्धा मोडीत काढलं गेलं. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी टाटा कराचीहूनच टपाल घेऊन एका छोट्या विमानाने अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. काळं छप्पर तेव्हा जवळच रिकामं उभं होतं. अम्मांनी ते लहानपणी पाहिलं. पुढे १९६० च्या दशकात ते पाडलं गेलं.

मग ही विद्या संपली का? नाही. आपल्या जवळच, पवईच्या आयआयटीत, प्रा. राजकुमार पंत यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी दूरनियंत्रणाने चालणाऱ्या छोट्या एअरशिप बनवल्या. आग्र्याच्या संरक्षण प्रयोगशाळेने 'आकाशदीप' नावाचा दोराने बांधलेला टेहळणीचा मोठा फुगा तयार केला. त्याच प्रयोगशाळेची एअरशिप ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून सुमारे १७ किलोमीटर उंच गेली. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. त्या उड्डाणात काय तपासलं? आवरणातला दाब सांभाळायची यंत्रणा आणि अडचणीत वायू सोडायची यंत्रणा. म्यूनिएचा आणि त्या ड्यूकचाच प्रश्न, सव्वादोनशे वर्षांहून जुना. फक्त आता तो आधी तपासतात. आणि आत आता न पेटणारा हेलियम असतो.

आणि हवेचे वेगळे कप्पे आपण बदलापूरकरांनी स्वतः पाहिलेत. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढलं ते रबरी बोटींनी. हवा भरलेल्या अशा बोटीच्या कडेत सलग एक नळी नसते, वेगवेगळे कप्पे असतात. झुडपाला, तारेला लागून एक कप्पा गेला तरी बाकीचे बोट तारून नेतात. मात्र ती बोट पाण्यात घालण्यापूर्वी कुणीतरी प्रत्येक कप्पा दाबून बघितलेला असावा लागतो.

आता चिवड्याचं राहिलेलं सांगतो. आमच्या सीलिंग मशीनवर बसणाऱ्या एक ताई आदल्या रात्रीच म्हणाल्या होत्या, "पट्टी नीट तापत नाहीये, सील ओढलं की सुटतंय." आम्ही म्हटलं, "आता टेम्पो दारात उभा आहे, दिवाळी तोंडावर आहे, होईल निभावून." त्यांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गप्प बसल्या. नुकसान सगळ्या गटाने भरलं. आमच्यात कुणी मंत्री नव्हतं, जीवही गेले नाहीत, चिवडाच सांडला. पण मॅकवेड यांच्या पत्राची गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला त्या ताईंचा चेहरा आठवला.

त्यानंतर आम्ही गटाच्या वहीत एक रकाना वाढवला आहे. माल निघण्याआधी जिने काम केलं तिला विचारायचं, "काही शंका?" ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आणि शंका फिटल्याशिवाय गाडी हलवायची नाही, मग ऑर्डर कितीही मोठी असो. एकदा यापायी ऑर्डर गेलीही. ती कशी गेली तेही वहीत लिहिलं आहे.

ही सगळी हकिकत आम्ही अम्मांना जाऊन सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे छप्पर चांगलंच बांधलं होतं." आम्ही म्हटलं, "हो अम्मा, छप्पर चांगलं होतं."